सुतकातली वजनं

औरंगाबाद
९ जानेवारी १९८७

चि. मंजुळास,

बद्रीनाथ तुपेचा आशीर्वाद. चार महिन्यांत प्रयोगशाळेचं नाव टाकलं असशील तर ओळख सांगतो. प्राणिशास्त्र विभागातला लॅब असिस्टंट, तुझा काका, ज्याच्या अक्षराला तू मुंग्यांची मिरवणूक म्हणायचीस. माझी शाळा उर्दूत झाली, मराठी लिहायला पोलीस ॲक्शननंतर शिकलो, एकोणिसाव्या वर्षी. त्यामुळं मुंग्या अजूनही उजवीकडून डावीकडं निघायला बघतात.

पत्राचं कारण असं की काल एस.टी.च्या पार्सलनं रत्नागिरीहून तुझ्या नावाच्या चार बाटल्या आल्या. तू संशोधन सोडून वैजापूरकडं शाळेत शिकवायला गेलीस, हे तिथल्या तांडेलाला कुणी कळवलंच नाही. तो बिचारा ठरल्याप्रमाणं समुद्रात जाळं घालतो, फॉर्मेलिनमध्ये जनावरं भरतो आणि पाठवतो. मी सही करून घेतल्या. खडके सरांना विचारलं, यांचं काय करू? ते म्हणाले, ठेवा कुठंतरी. मी त्या तुझ्याच कप्प्यात ठेवल्या. कप्प्यावरची तुझ्या नावाची चिठ्ठी काढा असं कुणी अजून म्हटलेलं नाही, आणि मी आपण होऊन काढणार नाही.

एका नव्या मुलीनं बाटली उजेडाला धरली आणि म्हणाली, काका, यात नुसतं गढूळ पाणी आहे. तिला भिंगाखाली दाखवलं. म्हटलं, हे कोपेपॉड, आपल्या जवळ्याची पणतवंडं समज. अंग एक मिलिमीटर, मिशा अंगाएवढ्या. तिनं विचारलं, यांचं वजन करून काय करायचं? मी सांगितलं, समुद्रातले मासे यांच्यावर जगतात. एकाची लांबी मोजून वजन किती ते सांगता आलं, तर समुद्रात माशांना खायला किती आहे ते सांगता येतं. तू मला पहिल्या दिवशी जे सांगितलंस तेच सांगितलं, फक्त माझं म्हणून.

माझं बरं आहे. सारजाला जाऊन नऊ महिने झाले. सकाळी दोन कप चहा होतो, एक मोरीत ओततो. वाईट वाटतं का, तर तसंही नाही. नुसतं ओततो. जेवणाची चव कळते, पाय चालतात, विभागात वेळेवर पोचतो. शेजारीण विचारते, भाऊजी, कसं काय? मी म्हणतो, ठीक. खोटं बोलतोय असंही वाटत नाही.

सप्टेंबरात सरांच्या केबिनमध्ये जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. बाहेरच्या परीक्षकांनी तुझ्या वजनांना बनावट म्हटलं, ते वाईट झालं. मला जे विचारलं ते मी सांगितलं. यापलीकडं माझ्याकडं काही नाही.

बाटल्यांचं काय करायचं ते कळव.

तुझा
बद्रीनाथकाका


औरंगाबाद
३ फेब्रुवारी १९८७

चि. मंजुळास,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर आणलं ते तुझ्या भावानं, तेही न सांगता.

परवा बिरू विभागात आला. पागोटं, खांद्यावर घोंगडी, आणि दारातच चपला काढून उभा. जवळच मिटमिट्याला कुणाच्या तरी वावरात खतासाठी मेंढरं बसवलीत, मेंढरांच्या औषधाला शहरात आला होता. मी त्याला कॅन्टीनमध्ये नेलं. विचारलं, मंजुळा कशी आहे?

"शाळा करती. घरी आली की गप," बिरू म्हणाला. "आप्पा म्हनत्यात, पोरगी आमची लई बोलायची, आता तोंडात मूग धरल्यावानी."

"माझं पत्र मिळालं का तिला?"

"मिळालं व्हय. वाचलं, पेटीत घातलं. म्या इचारलं, काकाचं हाय का? तर म्हनली, त्यांचं नाव काढू नगंस."

मग त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि खाली बघत विचारलं, "काका, माज्या बहिनीनं खरंच आकडं चोरलं का वं? गावात समदे तसंच बोलत्यात. शिकाया घातली तर नाव घालवलं म्हनत्यात. तुमी तितं हुता. तुमी सांगा."

मी सांगितलं, नाही चोरले. तो म्हणाला, "मंग?" मी म्हणालो, मग काय ते मला माहीत नाही. त्यानं मान हलवली आणि चहा संपवला. चहाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

आता कामाचं सांगतो. ऑफिसातला सांडू म्हणाला की तुझं नाव अजून कमी झालेलं नाही. तीस एप्रिलपर्यंत तुझा लेखी खुलासा आला तर प्रकरण पुन्हा उघडता येतं. नाही आला तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, आणि कारण म्हणून कागदावर 'बनावट निरीक्षणं' एवढंच राहील. त्या शेऱ्यावर तुला कुठंही प्रयोगशाळेत घेणार नाहीत. शाळेतले तरी किती दिवस ठेवतील, कोण जाणे. तेव्हा खुलासा पाठव. काय लिहायचं ते तुझं तू बघ.

बद्रीनाथकाका


औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९८७

चि. मंजुळास,

तू कळवलं नाहीस म्हणून बाटल्यांचं मीच ठरवलं. पाच वाजता सगळे जातात. मी घरी जाऊन करणार काय? म्हणून बसतो. तुझ्या पद्धतीनंच सगळं करतो, म्हणजे तुला दोष काढता येणार नाही. जनावर काचेवर घ्यायचं, भिंगातल्या पट्टीवर डोक्यापासून धड संपेपर्यंत मोजायचं, शेपटी धरायची नाही. सारख्या लांबीची शंभर जमली की गाळणीवर डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवायची, म्हणजे समुद्राचं मीठ जातं. मग ड्रॉपरनं पाण्याच्या चार-पाच थेंबांसकट चांदीच्या कागदाच्या वाटीत सोडायची. वाटीचं वजन आधी करून ठेवलेलं असतंच. साठ डिग्रीवर रात्रभर वाळवून सकाळी काट्यावर. सर नऊ वाजता यायच्या आत माझं काम झालेलं असतं.

डोळे दुखतात, पण बरं वाटतं. बरं म्हणजे वेळ जातो.

आकडे आले ते कळवतो. लहानात लहान जनावरांची शंभराची वाटी मिलिग्रॅमच्या पाव हिश्शात आली. मोठ्यांची दोनच्या जवळ. तुझ्या गेल्या एप्रिलच्या वहीत मोठ्यांचं वजन थोडंच जास्त आहे, पण लहानांचं दुपटीहूनही थोडं जास्त. परीक्षक नेमकं हेच म्हणाले होते: मोठं जनावर ठीक, पण पिल्लू इतकं जड कसं? आकडे बसून लिहिले असतील तरच असं होतं.

मी यावर विचार केला. माझं मत असं की ही जनावरं हिवाळ्यातली, ती उन्हाळ्यातली. उन्हाळ्यात खायला जास्त मिळत असेल. पिल्लं बाळसं धरत असतील. काटाही तेव्हा नुकताच दुरुस्त होऊन आला होता, त्याचाही दोष असेल. ओव्हनचं बटण सैल होतं, तेही एक. खुलाशात हे सगळं लिहिता येईल.

पाण्याचा काही प्रश्न नाही. ते मी तेव्हाच सांगितलं आहे.

काका


औरंगाबाद
८ मार्च १९८७

मंजुळा,

गेल्या एप्रिलची बाटली अजून कपाटात आहे. अर्धी जनावरं शिल्लक आहेत. ती काढून मोजली, धुतली, वाळवली, वजन केलं. उन्हाळ्याचीच जनावरं, तीच बाटली, तोच काटा. लहानांची वाटी पुन्हा पाव मिलिग्रॅम. बाळसं नाही, काही नाही.

मग मी एक काम केलं, जे मला महिनाभर सुचत होतं आणि मी करत नव्हतो. मागच्या अंगणातल्या हापशावर गेलो, बीकर भरून आणला आणि पाच थेंब कोऱ्या वाटीत टाकले. जनावर एकही नाही. वाटी रात्रभर वाळवली. सकाळी काट्यावर मिलिग्रॅमचे तीन दशांश भरले. वाटीत बघितलं तर तळाला पांढरा डाग. डिस्टिल्डचे पाच थेंब टाकलेली वाटी होती तशीच राहिली. आपल्या हापशाचं पाणी किती जड, ते घराघरातल्या तांब्यांच्या तोंडावर दिसतंच. मी चार वेळा करून बघितलं. दर वेळी तीच गोष्ट. शंभर पिल्लांचं वजन जितकं, त्याहून थोडं जास्तच नुसतं पाण्याचं.

आता लिहितो.

सारजा चार एप्रिलला गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली, नदीत सोडली, आणि चौथ्या दिवशी मी विभागात आलो. दहा दिवसांचं सुतक असताना कुणी कामावर येतं का? घरात सगळे बोलायला येत होते आणि मला कुणाचं ऐकू येत नव्हतं. सर म्हणाले, घरी जा. सांडू म्हणाला, घरी जा. तू मात्र म्हणालीस, "काका, मी रत्नागिरीला निघालेय. माझ्या बावीस वाट्या करायच्या राहिल्यात. कराल?" विद्यार्थ्यानं वजन स्वतः करायचं हा नियम तुलाही माहीत होता, मलाही. तू तो मोडलास, कारण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं. तेवढं फक्त तुला कळलं.

बावीस वाट्या मी पाच दिवसांत केल्या. पाडव्याला विभागाला सुट्टी, गल्लीत गुढ्या उभ्या, मी चावीनं दार उघडून आत बसलो होतो. आणि जनावरं धुवायला डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या बाटलीकडं हात गेला तो मागं आला. ती बाटली सगळ्यांची. सुतकातल्या माणसानं सगळ्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही. सारजा या बाबतीत फार कडक होती. तिच्या आईच्या सुतकात तिनं आमच्या घरच्या माठाला तीन दिवस बोट लावलं नव्हतं, वाढणारीची वाट बघत तहानलेली बसायची. मी तिच्या सुतकात घराबाहेर पडलो होतो, कामाला आलो होतो, सगळं मोडलं होतं. निदान पाणी तरी बाटवू नये, एवढंच वाटलं. हापशाचं पाणी वाहतं, त्याला काही लागत नाही. माझा वेगळा बीकर घेतला आणि हापशाचं पाणी भरून आणलं. पिण्याचंच पाणी, स्वच्छ, असं मनाला सांगितलं. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की डिस्टिल्डशिवाय धुवायचं नाही. त्या पाच दिवसांत ते एकदाही आठवलं नाही.

तू चौदाला परत आलीस. वहीत बावीस वजनं उतरवलीस, खाली नियमाप्रमाणं 'वजन स्वतः केले' लिहून सही केलीस.

सप्टेंबरात सरांनी विचारलं, पाणी कुठलं? मी म्हणालो, डिस्टिल्ड. मला तेव्हा काही आठवलं नव्हतं. रोज तेच सांगतो, तसं सांगितलं गेलं. सहा महिने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तू जाणतेस.

तू आकडे चोरले नाहीस. मी ते बिघडवले. हे मी लिहून सही करून सरांना देणार आहे.

बद्रीनाथ


औरंगाबाद
२९ मार्च १९८७

मंजुळा,

मागच्या आठवड्यात सारजाचं वर्षश्राद्ध झालं. भटजींनी सांगितलं तिथं पाणी सोडलं. तिला काय आवडायचं ते विचारलं तर मला आठवेना. शेजारणीनं सांगितलं, वांग्याची भाजी.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन सरांकडं गेलो. सरांनी दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बद्रीनाथ, हे पाणी-सुतक खरं आहे?"

"खरंय सर. वाट्या ठेवल्यात. बघायच्या असतील तर दाखवतो."

ते उठून आले. कोरी वाटी काट्यावर स्वतः ठेवून बघितली. चष्मा लावून आकडा पुन्हा वाचला. मला वाटत होतं की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पोरगी हुशार होती," ते म्हणाले. "पण एक सांगा. मंजुळानं मला लेखी दिलंय की वजनं तिनं स्वतः केली. आता तुमचा कागद खरा धरला, तर तिचा खोटा होतो. बनावट आकड्यांच्या आरोपातून सुटेल आणि खोट्या सहीत अडकेल. तुमच्या एकट्याच्या कागदावर मी तिचं भलं करू शकत नाही."

मी म्हणालो, मग काय करू?

"तिनं यावं. वजनं दुसऱ्याकडून करून घेतली, हे तिनं तिच्या तोंडानं सांगावं, लिहून द्यावं. तिनं सांगितलं तर ती चूक ठरेल, तुम्ही सांगितलंत तर ती लबाडी ठरेल. तीस एप्रिलच्या आत." मग म्हणाले, "आणि तुम्ही जूनमध्ये रिटायर होताय. हा कागद फाइलला लागला तर निरोपसमारंभात लोक काय बोलतील याचा विचार करा. हवा तर परत घेऊन जा."

मी कागद परत घेतला नाही.

तर असं आहे. दार मी बंद केलं आणि उघडायची कडी तुझ्या बाजूला आहे. मी येऊन तुझ्या पाया पडलो असतो, पण तू नाव काढू नको म्हणालीस, म्हणून वैजापूरच्या गाडीत चढलो नाही. स्टँडपर्यंत दोनदा गेलो.

ये, मंजुळा. माझ्यासाठी येऊ नकोस. आप्पांसाठी ये, बिरूसाठी ये. पण ये.

बद्रीनाथकाका


औरंगाबाद
१४ एप्रिल १९८७

मंजुळा,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी आहेत, मला पाठ झाल्यात. वर कुणाला, खाली कोण, काही नाही. तरी सांडूनं अक्षर ओळखलं आणि धावत आणून दिलं.

तू लिहितेस: "मी रत्नागिरीहून आले तेव्हा तुमच्या टेबलावर एक बीकर होता. तळाला पांढरा थर होता. मी तो घासून ठेवला. तेव्हा काही कळलं नाही. केबिनमध्ये परीक्षक लहान जनावरांबद्दल बोलले तेव्हा तो थर आठवला आणि मला सगळं कळलं. सरांनी पाणी विचारलं तेव्हा मी बोलले नाही, तुमच्याकडं पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. मग म्हणालात, डिस्टिल्ड. तुमच्या चुकीचं मला काही वाटलं नव्हतं काका. तुम्ही खरं सांगाल म्हणून मी सात महिने वाट बघत होते."

आठ मार्चच्या पत्रात लिहिलं की मला तेव्हा आठवलं नव्हतं. ते खोटं. कबुलीतही मी थोडं खोटं ठेवलं होतं, बघ. तू पाहिलंस आणि मला लख्ख आठवलं. हापशाचा दांडा, बीकर, पाडव्याची ती सकाळ. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काही स्पष्ट दिसलं, आणि ते असं दिसलं.

मग बोललो का नाही? नोकरीची भीती म्हणशील तर ती नव्हती. मला लाज वाटली. मुंबईचा परीक्षक समोर, सर समोर. त्यांच्यापुढं सांगायचं की तीस वर्षं सायन्सच्या खोलीत काढलेला माणूस सुतकाला भिऊन बाटलीला शिवला नाही? ते हसले असते. मला हसले असते तर चाललं असतं, पण सारजाला हसल्यासारखं झालं असतं. तिच्या मरणाची गोष्ट त्या टेबलावर, त्या फायलींमध्ये ठेवायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी तिथं तुला ठेवलं. तिला झाकायला तुला उघडं टाकलं. ती असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं. तुझ्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी बांधून द्यायची ती, हॉस्टेलच्या पोळ्या पोरीला पचत नाहीत म्हणून.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. माफी नको देऊस. खुलासा दे. सोळा दिवस राहिलेत.

बद्रीनाथ


औरंगाबाद
२९ एप्रिल १९८७

चि. मंजुळास,

काल तू आलीस आणि आपलं धड बोलणं झालं नाही. आज तू पलीकडच्याच खोलीत आहेस, दाराआड. तरी लिहितोय. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा भलतंच काही बोलून बसेन.

सरांच्या केबिनमध्ये तू जे बोललीस ते मी कोपऱ्यात उभा राहून ऐकलं. "नियम मी मोडला, सही मी केली." एवढंच. माझं नाव तू घेतलं नाहीस, सरांनी घ्यायला लावलं तेव्हा घेतलंस. सुतकाचं तू काहीच बोलली नाहीस. सर म्हणाले, दिवाळीपर्यंत मुदत देतो, एप्रिलच्या सगळ्या वाट्या पुन्हा कर, या वेळी तुझ्या हातानं. परीक्षकांना मी लिहितो. बिरू दाराबाहेर होता, त्याला सगळं कळलं नाही, पण मुदत हा शब्द कळला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि पुन्हा डोक्याला घातलं.

मग तू कोऱ्या वाट्यांची वजनं करून ठेवायला तडक वजनाच्या खोलीकडं निघालीस. मी सवयीनं किल्ली घेऊन पुढं झालो, पंखा बंद केला, काट्याच्या काचा पुसल्या, तुझं स्टूल ओढलं. तू उंबऱ्यावर थांबलीस.

"काका, तुम्ही बाहेर थांबा."

मी म्हणालो, बरं.

"वजन करताना दुसरं कुणी नको. नियम आहे."

बरोबर आहे. मीच पाटी लावली होती ती. मी बाहेर आलो, तू आतून दार लोटून घेतलंस. राग नव्हता तुझ्या आवाजात. राग असता तर मला कळलं असतं की मी अजून तुझा कुणी आहे. बाहेर बाकावर बिरू बसला होता, त्याच्या शेजारी बसलो.

तिथं मला रडू आलं. कशानं ते सांगता येत नाही. सारजाला तिरडीवर बांधली तेव्हा आलं नाही, राख सोडताना आलं नाही, वर्षभरात एकदाही आलं नाही. लोक मला धीराचा म्हणत होते आणि मी ऐकून घेत होतो. काल दार लागलं आणि छातीतून असं काही वर आलं की तोंड मिटेना. मोठ्यानं रडलो मी, पोरासारखा. सारजाचं नाव घेऊन रडलो. तुझंही घेतलं.

बिरू उठला नाही, समजूत घातली नाही. त्यानं घोंगडीचा पदर माझ्या मांडीवर टाकला आणि दुसरीकडं तोंड केलं.

"रडा काका," तो म्हणाला. "म्या काय बघत नाय."

किती वेळ गेला माहीत नाही. तू बाहेर आली नाहीस, ते ठीकच केलंस. वाटी काट्यावर असताना कुणी उठत नाही. पण तुला ठाऊक आहे, व्हरांड्यात कुणी जोरात चाललं तरी तो काटा थरथरतो. माझं रडणं पावणेबाराच्या सुमाराला सुरू झालं. त्या वेळेला घेतलेल्या वाट्या तू पुन्हा कर.

बद्रीनाथकाका